पश्चिम स्टँडमधली खुर्ची

१

जून अर्धा सरला की दोह्यात नियम लागतो. साडेअकरा ते तीन उघड्यावर कुणी काम करायचं नाही. हा नियम लागला की आमच्या घराचं घड्याळ बदलायचं. सव्वाअकराला मी कणीक मळून ठेवायची. अकरा चाळीसला दारात बुटांचा आवाज आला की तवा चढवायची. हे हातपाय धुऊन जेवायचे, अडीचपर्यंत झोपायचे आणि पुन्हा हेल्मेट घालून निघायचे. कामाची जागा रस्त्यापलीकडेच होती. जुनं स्टेडियम.

आमचे हे म्हणजे किसन फोरमन. स्टेडियम पाडायच्या कामावर होते, पण 'पाडायच्या' म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही.

"पाडायला काय अक्कल लागती का, अंजना? आम्ही उतरवतोय. बांधलं त्याच्या उलट्या क्रमानं. एक बोल्ट आधी सुटला तर छत डोक्यावर."

वर्ल्डकपला चार वर्षं होती. नव्या स्टेडियमांचे फोटो बसवर, मॉलमध्ये, दुधाच्या डब्यावरसुद्धा. आमच्या जुन्याचा फोटो कुणी काढत नव्हतं, तिथं पार्किंग व्हायचं होतं. मी काढायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पश्चिमेचा स्टँड दिसायचा, त्याचा रोज एक. आणि गावाकडं पाठवायची. माझे वडील गवंडी. मी वाळूच्या ढिगावर वाढले, भिंत ओळंब्यात आहे का हे मला नुसत्या नजरेनं कळतं. एवढं मोठं छत सुरी फिरवल्यासारखं कापून खाली आणणारा माणूस माझ्या हातचं जेवतो, याचा मला किती अभिमान होता ते सांगून कळायचं नाही.

अल मुंतझामध्ये एका जुन्या व्हिलाचे सहा तुकडे करून भाड्यानं दिलेले, त्यातला एक आमचा. एक खोली, स्वयंपाकघर, बाथरूम. खोलीच्या खिडकीला इथं सगळे लावतात तसा चंदेरी कागद आतून चिकटवलेला. उन्हाची तिरीपसुद्धा आत यायची नाही.

सगळं चांगलं चाललं होतं. फक्त आमची संजीवनी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. 'आई' नाही, 'पप्पा' नाही, रडतानाही नुसतं तोंड उघडायची. डॉक्टर म्हणाले, कान चांगलेत, जीभ चांगली आहे, वाट बघा. सासूबाई इमोच्या व्हिडिओ कॉलवर म्हणायच्या, "तूच गप्प बसत असशील दिवसभर. लेकराला काय भिंती बोलायला शिकवणार?"

मी दिवसभर बोलायचे. मीठ, डाळ, चमचा, खिडकी. घसा बसेपर्यंत.

२

खुर्च्या काढायला घेतल्या त्या दिवशी साइटचे इंजिनिअर, पुण्याचे देवव्रत साहेब, ह्यांना म्हणाले, "किसन, एखादी ने लेकीला. नाहीतरी भंगारातच जाणार."

ह्यांनी निवडून आणली. हिरवी प्लास्टिकची, पाठीची, खोलगट. खाली लोखंडाच्या चार बुटक्या पायांचा सांगाडा वेल्डिंग करून बोल्टनं बसवून आणला, कडा घासून गुळगुळीत केल्या. दारात ठेवली आणि माझ्याकडं बघत उभे राहिले, शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखे.

"बघ. बाराव्या पायरीवरची, खांबाजवळची. बाकी सगळ्या उन्हानं पांढऱ्या पडल्यात, हात लावला तर भुगा होतोय. ही एकटी टिकली."

खरंच. कडेनं ती पण पांढरी झाली होती, पण बसायची जागा गर्द हिरवी, काल कारखान्यातून आल्यासारखी. पाठीलाही तसाच हिरवा पट्टा, वर निमुळता होत गेलेला. खाली दोन लांबट हिरवे डाग, शेजारी शेजारी.

मला वाटलं, खांबाची सावली पडत असेल.

आपल्याकडं घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू लावतो. फ्रिज आला तेव्हा लावलं होतं, गॅस शेगडीला लावलं होतं. मी खुर्ची खोलीच्या मध्ये ठेवली, पाठीला दोन बोटं कुंकू ओढलं, ताटात निरांजन घेतलं आणि ओवाळलं. डोक्याच्या उंचीवर, तीनदा. अक्षता टाकल्या.

हे हसले. "कुणी पाहुणा बसलाय का तिथं?"

"गप बसा हो. लेकीची पहिली खुर्ची आहे."

मग संजूला उचलून बसवलं. एरवी एका जागी न ठरणारी पोरगी पाय लोंबकळत सोडून बसून राहिली. समोर भिंत. भिंतीवर काही नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. ती भिंतीकडं बघत होती आणि तिचे डोळे हलत होते. हळूच डावीकडं. मग भरकन उजवीकडं. मग एकदम वर, छताकडं, मान मागं टाकून. वर काहीतरी थांबलं असावं तशी ती थांबली. आणि सावकाश खाली.

मग तिनं टाळ्या वाजवल्या.

३

दुपारी ती खुर्ची सोडेनाशी झाली. सकाळी, संध्याकाळी तिच्याकडं बघायची पण नाही. साडेअकरा वाजले, पलीकडं मशिनं बंद पडली, की चालत जाऊन चढून बसायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. हे आत झोपलेले. खिडकीबाहेर सगळं पांढरं, रस्त्यावर मांजर नाही. आणि मला वाटलं, कुणीतरी श्वास आत ओढला.

एका माणसाचा नाही. खूप माणसांचा. लग्नात अंतरपाट धरल्यावर सगळा मांडव एक क्षण गप्प होतो ना, तसा. बारीक, लांबून, पण पुष्कळ.

मी नळ बंद केला. एसीचा घरघराट तेवढा. गच्चीवर सहा एसींची मशिनं आहेत, त्यातलं एखादं अडलं असेल. खोलीत डोकावले. संजूची मान वर होती, तोंड उघडं, छाती फुगलेली. तिनं श्वास ओढून धरला होता.

मग तिनं सोडला, आणि त्याच क्षणी बाहेरही सुटला. "हाऽऽऽ."

आत आणि बाहेर, एकाच वेळी. पण मला त्यातलं बाहेरचं ऐकायचंच नव्हतं. माझी पोरगी ओरडली होती! आयुष्यात पहिल्यांदा तिच्या गळ्यातून आवाज निघाला होता. मी ओल्या हातांनी तिला उचललं, ह्यांना हलवून उठवलं.

"अहो, उठा. संजू ओरडली!"

"काय म्हणाली?"

"काही नाही. हाऽऽ म्हणाली."

हे उठून बसले आणि त्यांचे डोळे भरले. संध्याकाळी सासूबाईंना इमोवर दाखवलं, पण तेव्हा संजू नुसती बघत बसली. सासूबाई म्हणाल्या, "जांभई दिली असंल."

शेजारच्या भागात हैदराबादच्या ताहेरुन्निसाआपा राहतात. त्यांना मी दुपारच्या आवाजाचं विचारलं. त्या हसल्या. "अरे वो एसी है, अंजना. मैं पंद्रह साल से सुन रई. तू बच्ची पे ध्यान दे, मशीनां पे नक्को."

मला बरं वाटलं. नंतर भाजी निवडताना लक्षात आलं, ह्या व्हिलात एसीची नवी मशिनं मागच्या वर्षी बसवली. पंधरा वर्षं त्या काय ऐकत होत्या?

४

एकदा हे पाण्याची मोठी बाटली विसरले. पाच वाजता मी संजूला कडेवर घेऊन गेटवर गेले. तिथं शफीकचाचा बसायचे. वॉचमन आत्ता झालेले. त्याआधी तीस वर्षं ह्याच स्टेडियमवर माळी. गवत लावायला आले आणि गवत उपटून नेलं तरी इथंच राहिले.

"बैठो बेटा," म्हणाले. मला आत बघायची हौस आहे हे त्यांना कळलं असावं. हातातल्या काठीनं मातीत रेघ ओढायला लागले.

"पहले यहाँ कुछ नहीं था. रेत. उसपे तेल डालके दबाते थे, ताकि उड़े नहीं. तेल कंपनी के गोरे खेलते थे. लकड़ी का डंडा, छोटी गेंद. मारो और चार कोने भागो. बेसबॉल. मैंने नहीं देखा, मेरे उस्ताद ने देखा. मेमसाब लोग टोपी लगाके लकड़ी के पट्टों पे बैठते थे. फिर वो गए, फुटबॉल आया. जहाज़ से मिट्टी आई, घास आई. मैं आया." इथं ते थांबले आणि ताठ बसले. "बेटा, बाहर पचास डिग्री, और अंदर मेरी घास पे नंगे पाँव चलो तो ठंडी. ऐसी भीड़ होती थी, लोग खंभों पे चढ़ते थे. अब जो नए बन रहे हैं, सब बढ़िया हैं. लेकिन देखना सीखा इस शहर ने यहाँ."

त्यांच्या आवाजात जे होतं ते मला ओळखीचं वाटलं. माझे वडील स्वतः बांधलेल्या शाळेवरून एसटी गेली की असेच ताठ बसायचे.

मी त्यांना खुर्चीचं सांगितलं, कौतुकानं. संजू त्यावर बसून कशी बघते तेही. डावीकडं, उजवीकडं, मग असं वर, मान मागं टाकून, आणि वाट बघत सावकाश खाली.

चाचांची काठी थांबली.

"इतना ऊपर?"

"हो. पार छताला."

"फुटबॉल में इतना ऊपर कौन देखता है," ते पुटपुटले. मग संजूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बच्ची है. पंखा देखती होगी."

आमच्या खोलीत पंखा नाही.

५

जुलै लागला. संजूचा आवाज रोज यायला लागला. "हाऽऽ", "ओऽऽ", एकदा तर जीभ टाळूला लावून "च्च". हे ड्यूटीवर सगळ्यांना सांगत सुटले. आणि मी रोज सकाळी तिचं तोंड धुताना बघत होते की तिचा गाल भाजतोय.

आधी लाल. मग काळपट. मग नाकाच्या शेंड्यावरची कातडी कागदासारखी सुटली. मी ह्यांच्या मानेवर हे दर उन्हाळ्यात बघते, ओळखू येतं. पण माझी पोरगी महिनाभर दुपारच्या उन्हात गेली नव्हती. चंदेरी कागदाच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, तिला ऊन लागत होतं.

आणि फक्त उजवीकडून. डावा गाल, डावा हात, डावी मांडी, सगळं लोण्यासारखं. मध्ये सरळ रेघ.

दुपारी मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. आजवर मी तिचं तोंडच बघत होते, बसणं बघितलं नव्हतं. ती खुर्चीच्या मध्ये बसत नव्हती. उजव्या कडेला, अर्धी बाहेर, अंग चोरून. तिला उचलून मध्ये बसवलं. ती न बघताच पुन्हा कडेला सरकली. गर्दीच्या एसटीत दोघांच्या बाकावर तिसरं माणूस बसतं तशी.

ओवाळलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. हे मला तेव्हा, तिथं, जमिनीवर बसून आठवलं. फ्रिजला आपण हळदकुंकू लावतो, पण ओवाळत नाही. डोक्याच्या उंचीवर ताट फिरवून ओवाळतो ते बसलेल्या माणसाला.

संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "खुर्ची परत नेऊन टाका."

"का?"

"पोरगी भाजायला लागलीये."

त्यांनी तिचा गाल बघितला, अंगठा फिरवला. "घामोळं आहे. पावडर लाव."

"अर्ध्याच तोंडाला घामोळं?"

"अंजना," ते हळू बोलले, "तीन वर्षं आपण ह्या आवाजाची वाट बघितली. त्या खुर्चीवर बसली की तिला कंठ फुटतोय. उद्या शब्द येईल. आणि तू ती काढायला निघालीस? पुन्हा मुकी झाली तर?"

तीच भीती मलाही होती. आवाज ठेवायचा तर कातडी जाणार, कातडी वाचवायची तर आवाज. असलं माप कुणी आईला घालू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी संजू "ओऽऽ" म्हणाली तेव्हा तिचा ओठ फाटून रक्त आलं. तिनं ते चाटलं. डोळे भिंतीवरून हलले नाहीत.

६

हे झोपले होते. मी खुर्चीवर अक्षता टाकल्या आणि गौरी हलवतात तशी जागची जरा हलवली. 'या आता', म्हणणार होते, पण 'या' म्हणायची भीती वाटली. तोंडातल्या तोंडात 'झालं आता' एवढंच म्हणाले.

एका हातात खुर्ची, कडेवर संजू. तिला ताहेरुन्निसाआपांकडं ठेवायचं होतं, पण खुर्ची उचलताच तिनं खुर्चीचा पाय असा घट्ट धरला की बोटं सुटेनात. बाहेर शेहेचाळीस डिग्री. रस्ता ओलांडेपर्यंत चपलेचा तळ मऊ झाला. गेटची साखळी नुसती अडकवलेली, शफीकचाचा केबिनमध्ये नमाज पढत होते. मी आत शिरले.

वडिलांबरोबर मी कितीतरी इमारती बघितल्या, पण अशी नाही. छत गेलेलं, खांब कापलेले, कापलेल्या जागा आरशासारख्या. आमच्या ह्यांचा हात. वरपर्यंत नुसत्या काँक्रीटच्या पायऱ्या आणि त्यांत बोल्टची भोकं, चार-चार, रांगेनं. उतरत आलेलं असूनही ते दिमाखात उभं होतं. भीती विसरून एक क्षण मला वाटलं, किती माणसं बसली असतील इथं, किती छान कपडे घालून.

पायऱ्या मोजत चढले. बारावी. खांबाचा बुंधा. चार भोकं. खुर्ची त्यावर ठेवली, मैदानाकडं तोंड करून. संजू कडेवरून घसरली आणि चढून बसली. उजव्या कडेला.

"संजू, चल. आपली नाही ती. चल बाळा."

खुर्चीचं प्लास्टिक करकरलं. वजन पडल्यावर करकरतं तसं. संजूनं अंग हलवलं नव्हतं.

मग शेजारी करकरलं, जिथं खुर्ची नव्हती. मग त्याच्या पलीकडं. आवाज रांगेनं लांब गेला, वरच्या पायरीवर चढला, तिथून परत आला. माणसं स्थिरस्थावर होत होती.

७

मी मैदानाकडं बघितलं, कारण संजू तिकडं बघत होती.

गवत नव्हतं, नुसती भाजलेली माती. मातीवर मध्यापाशी एक सावली होती. गोल, वाटीएवढी. मी वर बघितलं. आभाळ पांढरं, पक्षी नाही, काहीच नाही. खाली सावली चालत होती. आमच्या दिशेनं.

मी स्वतःला समजावलं, हे उन्हाचं आहे. उन्हात डोळ्यांपुढं असं फिरतं. डोळे मिटून उघडले. सावली जवळ आली होती.

सगळ्या स्टँडनं श्वास आत ओढला. माझ्या मानेवरचे केस त्या ओढीनं पुढं गेले.

सावली मैदान संपवून पहिली पायरी चढली. दुसरी. तिसरी. आता ताटलीएवढी. सरळ खांबाकडं. मी काही विचार केला नाही. संजूच्या पुढं उभी राहिले, हात पसरून, तोंड मैदानाकडं, पाठ पोरीकडं. येऊ दे काय यायचं ते. आधी मला लागेल.

श्वास कुणी सोडला नाही. सावली आठव्या पायरीवर होती.

"आई."

मागून. बारीक आवाज, पण खणखणीत.

"आई, खाली बस. मागच्यांना दिसत नाही."

तीन वर्षं. मीठ, डाळ, चमचा, खिडकी. आणि माझी लेक बोलली ती अशी, एक अक्षर न अडखळता, सबंध वाक्य. 'मागच्यांना' म्हणाली. माझ्या जावेच्या पाच वर्षांच्या मुलाला म्हणता येत नाही ते. माझा ऊर इतका भरून आला की हात आपोआप खाली आले. हे इथं असायला हवे होते. सासूबाई असायला हव्या होत्या.

मागं वळून बघितलं नाही. मागं किती आहेत ते मला त्यांच्या थांबलेल्या श्वासावरून कळत होतं.

ओढणी सावरली, कुणाच्या आड येऊ नये म्हणून मान जराशी खाली घेतली, आणि बसले.